हिरव्या पट्टीची पिपेटं

मुलगी काय करते असं कोणी विचारलं की आई सांगायची, "गाठ शोधतेय." समोरच्या बाईचा चेहरा पडायचा. मग आई घाईघाईने म्हणायची, "तसली नाही हो, दोऱ्यातली," आणि गोंधळ आणखी वाढायचा. आई डोंबिवलीत घरीच ब्लाउज शिवते. मापं द्यायला येणाऱ्या बायकांमुळे निम्म्या डोंबिवली पूर्वेला माझ्या संशोधनाबद्दल असं काहीतरी ऐकून माहीत होतं. मी कधी कुणाची समजूत काढायला गेले नाही. एक तर माझ्याकडे तेवढा धीर नाही, आणि दुसरं म्हणजे आई फारसं चुकीचं सांगत नव्हती.

आपल्या पेशीत प्रथिनं बनवणारं एक यंत्र असतं, रायबोझोम. त्याच्या तोंडात आरएनएचा लांब दोरा शिरतो. रायबोझोम तो वाचत पुढे सरकतो आणि वाचेल तसं प्रथिन जोडत जातो. जंतूंच्या पेशीतही हेच चालतं. क्षयाच्या जंतूत एक प्रथिन आहे, जे तो औषधाला दाद न देण्यासाठी वापरतो. त्या प्रथिनाचा आरएनए सुरुवातीलाच स्वतःभोवती वळून गाठ मारून बसतो, असं माझं म्हणणं होतं. गाठ घट्ट असेल तर रायबोझोम आत शिरू शकत नाही आणि प्रथिन बनत नाही. ती गाठ घट्ट धरून ठेवणारं काही सापडलं, तर जंतूचा एक हात बांधला जाईल. पण आधी गाठ आहे हे दाखवायला हवं होतं. माझे सगळे पुरावे आडून होते. ज्या विज्ञानपत्रिकेने माझा शोधनिबंध परत पाठवला तिच्या परीक्षकांनी सभ्य भाषेत एवढंच कळवलं होतं, की बाईंना जे दिसतंय ते इतर कोणाला दिसत नाही.

तिशीची सगळी वर्षं मी त्या गाठीत घातली. लग्न राहिलं, त्याचं फार वाईट वाटत नाही. पण ती गाठ खरोखर आहे की मी वेडी आहे, हे कळल्याशिवाय मला जगता येणार नाही असं तेव्हा वाटायचं, आणि हे मी वाढवून सांगत नाहीये.

आमची प्रयोगशाळा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यांच्या एका जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर होती. तळाला गिअर कापणारा कारखाना, मधे पुठ्ठ्याची खोकी बनवणारे, वर आम्ही. आम्ही म्हणजे मोठ्या संस्थेतून निवृत्त होऊन हा शेवटचा प्रकल्प घेऊन बसलेले सर, मी, आणि प्रथिनांचं काम बघणारी माझी एक सहकारी, कल्याणहून येणारी. प्रकल्पाचं अनुदान मार्चपर्यंत होतं. त्याआधी, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर आम्हाला वेळ मिळाली होती. त्यासाठी सरांनी किती जणांना फोन केले ते मी ऐकलंय. रायबोझोमच्या तोंडाशी अडकलेली माझी गाठ गोठवून तिथे पाठवायची, आणि ती दिसली की दिसली. सर म्हणायचे, "आता कोणाला समजावत बसायचं नाही. फोटोच दाखवायचा."

आरएनएचं काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती असते ती बोटांची. आपल्या घामात, थुंकीत, कातडीवर एक एन्झाइम असतं. आरएनए कातरणं हेच त्याचं काम. उकळलं तरी ते मरत नाही. थंड झालं की पुन्हा कामाला लागतं. म्हणून आम्ही जन्मभर हातमोज्यांत राहतो, चेहऱ्याला हात लावत नाही, टेबलावर वाकून बोलत नाही. थेंबाच्याही अंशाने मापून द्रव उचलायचं जे पेनासारखं उपकरण असतं, ते पिपेट, तेही आरएनएसाठी वेगळं ठेवतो. माझ्या पिपेटांना मी हिरवी पट्टी चिकटवली होती. ती माझ्याशिवाय कोणी वापरत नसे. सरसुद्धा नाही. एकदा त्यांनी नुसता हात पुढे केला तर मी असं काही बघितलं की त्यांनी तो खिशात घातला.

गणपतीपर्यंत सगळं सुरळीत होतं. आरएनए अख्खा आहे की तुटलाय हे बघायला आम्ही तो जेलच्या पातळ वडीतून विजेने ओढतो. अख्खा असेल तर एक बारीक, ठळक रेघ उमटते. माझ्या रेघा इतक्या स्वच्छ यायच्या की सर चष्मा कपाळावर चढवून त्या नुसत्या बघत उभे राहायचे.

मग खंडेनवमी आली. इस्टेटीत दिवाळीपेक्षा त्या दिवसाचं कौतुक जास्त. मशीनं धुऊनपुसून बंद ठेवतात, झेंडूचे हार घालतात, कामगार बायकापोरांना घेऊन येतात आणि आपण रोज कुठे उभे राहतो ते दाखवतात. सरांचा देवाधर्मावर विश्वास नाही, पण पहिल्याच वर्षी ते म्हणाले होते, "खालच्या लेथला हार, मग आपल्या सेंट्रिफ्यूजने काय घोडं मारलंय?" तेव्हापासून आम्हीही पूजा करायचो. त्या वर्षी मी आईला घेऊन गेले. तिने इतकी वर्षं फक्त ऐकलं होतं, एकदा बघू दे म्हटलं. ती इरकल नेसून आली होती. सरांना तिने वाकून नमस्कार केला आणि सर संकोचून मागे सरकले.

पूजेआधी मी माझी हिरव्या पट्टीची पिपेटं फॉइलमध्ये गुंडाळून खणात ठेवली होती. बाकी सगळं, सेंट्रिफ्यूज, फ्रीझर, इतरांची पिपेटं, टेबलावर मांडलं. आईनेच हळदकुंकू लावलं. घरी शिलाई मशीनची पूजा तीच करते, तेव्हा हात सराईत होता. मग सर, मी आणि माझी सहकारी खालच्या कारखान्यात पेढे द्यायला गेलो. आई म्हणाली, "तुम्ही जा, मी बसते जरा." आम्ही वर आलो तेव्हा ती खिडकीशी बसून येऊरच्या डोंगराकडे बघत होती.

दसऱ्यानंतर पहिल्यांदा जेल चालवली, आणि रेघ नाही. करंजी तेलात फुटून सारण पसरावं तसा सगळा आरएनए खाली पसरलेला. होतं असं कधीकधी, म्हणून मी पुन्हा बनवला. पुन्हा तेच.

दिवाळीच्या फराळाची मला चव आठवत नाही. पाणी बदललं. क्षार बदलले, नळ्या बदलल्या, महागडी एन्झाइमं नवी मागवली. शुक्रवारी इस्टेटीला सुट्टी असते आणि वीजवाले दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, म्हणून फ्रीझरवर संशय घेतला आणि शुक्रवारभर जनरेटरजवळ बसून राहिले. मग स्वतःवर घेतला. नखं मुळापर्यंत कापली, दोन-दोन हातमोजे घातले, मास्क लावून तोंडातून शब्द काढेनाशी झाले. माझ्या सहकारिणीच्या कामात हेच आरएनए कातरणारं एन्झाइम मुद्दाम वापरावं लागतं, दुसऱ्या टोकाच्या टेबलावर. एक दिवस मी तिला म्हटलं, "तू नीट झाकत नाहीस." ती म्हणाली, "अगं, मी काय आज आलेय का इथे?" मी आवाज चढवला. त्यानंतर ती डबा घेऊन जिन्यात जाऊन बसायला लागली.

मी काय काय बदललं हे आठवलं की अजून स्वतःचा राग येतो. कारण एक गोष्ट सोडून सगळं बदललं. हिरव्या पट्टीची पिपेटं. बाहेरून ती रोज पुसत होते, पण संशय त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. त्यांना माझ्याशिवाय कोणाचा हात लागत नाही हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. उलट इतरांची पिपेटं वापरून बघ असं सर म्हणाले तेव्हा मी चिडले. ती तर दहा हातांची, वर हळदकुंकू लावलेली. माझी तेवढी शुद्ध.

घरी आलं की आई दार उघडतानाच विचारायची, "आज तरी?" मी मान हलवायचे. ती लगेच ताट वाढायला घ्यायची. रविवारी माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणायची, "येईल गं. मला माहितेय, येईल." तिच्या बोटांखाली मला झोप लागायची. त्या दिवसांत मला झोप लागायची ती तेवढीच.

संक्रांत आली. मायक्रोस्कोपवाल्यांचा निरोप आला, सॅम्पल कधी निघतंय? सरांनी मला विचारलं नाही. माझ्यासमोर बसून त्यांनी उत्तर लिहिलं, की आम्ही येऊ शकत नाही. लिहून झाल्यावर ते म्हणाले, "तुझं काही चुकलं असेल असं मला वाटत नाही." मला ते ऐकवेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले.

फेब्रुवारीत आवराआवर सुरू झाली. उपकरणं परत द्यायची, त्याआधी पिपेटं खोलून साफ करायची. पिपेटाच्या टोकाशी एक बाहेरची नळी असते, ती ओढून काढली की आतला पांढरा दांडा दिसतो. त्या दांड्यावरच दर वेळी प्लास्टिकचं नवं टोक बसवतात आणि त्यातून द्रव वर येतो. माझ्या पहिल्या हिरव्या पट्टीच्या पिपेटाची नळी मी काढली. दांड्याभोवती पिवळट कडं होतं आणि फटीत एक लाल ठिपका.

कळलं होतं, तरी मान्य करायचं नव्हतं. मी सोडियम हायड्रॉक्साइडचा थेंब त्या पिवळ्यावर सोडला. ते लाल झालं. हळदीला चुना लागला की काय होतं हे आमच्याकडे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. दुसरं पिपेट उघडलं, तिसरं उघडलं. सगळ्यांना एकसारखं, एकाच उंचीवर, ओल्या बोटाने लावलेलं. नीट, मायेने लावलेलं. ओल्या बोटाचं पाणी नळीच्या आत ओघळलं होतं आणि बोटाचं जे काही असतं ते आत जाऊन बसलं होतं. मी बाहेरून रोज पुसत होते ती नळी.

संध्याकाळी घरी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "नवमीला माझ्या खणातलं काही बाहेर काढलेलं का गं तू?"

आईचा चेहरा खुलला. "तुला दिसलं होय? अगं, तुम्ही खाली गेलात नं, तेव्हा काढली मी. बाकी सगळी टेबलावर थाटात, आणि तुझी ती हिरवी पट्टीवाली बिचारी कागदात गुंडाळून अंधारात. मला कसंतरीच झालं. जिच्यावर पोट, तिलाच वगळायचं का? तुला सांगितलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस. म्हणून हळूच लावलं, तुला दिसू नये म्हणून वरचं पदराने पुसलं आणि होती तशी ठेवली."

मी म्हटलं, "बरं केलंस."

त्या क्षणी मला तिचा भयंकर राग आला होता. तिच्या हातातली सुई ओढून फेकावीशी वाटत होती. माझी सगळी वर्षं, सरांचं शेवटचं काम, सगळं एका ओल्या बोटाने. आणि ते बोट कसलं, तर माझ्या डोक्याला तेल लावणारं. कोणावर ओरडायचं? ओरडून तिला काय कळणार, आणि कळलं तर ती उरलेलं आयुष्य कसं काढणार? मी ठरवलं, हे तिला कधीही सांगायचं नाही. त्या सगळ्या महिन्यांत मी घेतलेला तो एकच शहाणा निर्णय, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी नवे दांडे बसवले आणि पुन्हा आरएनए बनवला. कशासाठी, मला माहीत नाही. जेलवर रेघ आली. बारीक, ठळक, एकच. सर आले, चष्मा कपाळावर चढवला, आणि बघत उभे राहिले. मग त्यांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली. मायक्रोस्कोपवरची आमची वेळ दुसऱ्यांना गेली होती, पुढची पावसाळ्यानंतर. अनुदानाची मुदत वाढवायला ज्यांना विचारायचं होतं, त्यांना सर स्वतः जाऊन भेटले.

उत्तर आलं ते त्यांनी मला घरी फोन करून सांगितलं. नाही. मी गॅलरीत उभी होते. आत आईचं मशीन चालू होतं. सर म्हणाले, "मला अजून कळत नाही, नेमकं बिघडलं कुठे होतं?" त्यांना मी तोवर नुसतंच पिपेट खराब होतं असं सांगितलं होतं. माझा बांध फुटला. मी ओरडूनच बोलले, "सर, आईने हळद लावली होती! माझ्या पिपेटांना, उघड्या बोटाने! तिच्या बोटाने संपलं सगळं!" सर हळूच म्हणाले, "त्यांना सांगू नकोस." मी म्हटलं, "नाही, तिला काही माहीत नाही." फोन ठेवला तेव्हा मशीन थांबलेलं होतं. मला वाटलं, दोरा तुटला असेल.

मार्चनंतर गाळा रिकामा झाला. सर मुलाकडे पुण्याला गेले. हिरव्या पट्टीचं एक पिपेट त्यांनी मला देऊन टाकलं, बाकी सामान गेलं तिथे गेलं. आता मी डोंबिवलीतच एका क्लासमध्ये डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. आरएनएपासून प्रथिन कसं बनतं हा धडा येतो. फळ्यावर सरळ दोरा काढायचा, त्यावर रायबोझोम सरकवायचा, बाण दाखवायचे. त्या धड्यात गाठ नाही. परीक्षेला येत नाही म्हणून कोणी विचारतही नाही. ती आहे की नाही हे मला अजून माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. काही दिवस सकाळी उठवत नाही, ते यामुळे.

घरातही काहीतरी बदललं होतं. रविवारी तेलाची वाटी घेऊन आई बसेनाशी झाली. "हात दुखतात गं हल्ली," म्हणायची. ब्लाउज मात्र शिवत होती. माझी पिशवी ती पूर्वी दारातच हातातून घ्यायची, आता म्हणायची, "ठेव तिथे." डबा हातात न देता ओट्यावर ठेवायची. मी माझ्याच दुःखात इतकी बुडालेली, की मला वाटलं, मी अपयशी ठरले म्हणून ती रुसलीय. त्याचंही मला लागलं होतं. एकदा मी फणकाऱ्याने म्हटलंसुद्धा, "तुला लाज वाटते का माझी?" ती मशीनवर वाकून दोरा ओवत राहिली.

मग पुन्हा खंडेनवमी आली. आईने सकाळीच शिलाई मशीन पुसलं, कात्री, टेप, सुयांचा डबा पाटावर मांडला. मला काय वाटलं कोण जाणे, मी कपाटातून ते पिपेट आणलं आणि कात्रीशेजारी ठेवलं. आता त्याला जपायचं काही कारण नव्हतं. लागू दे हळद, असं मनात आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात माया कमी आणि चीड जास्त होती.

आईने मशीनला कुंकू लावलं, कात्रीला लावलं, टेपला लावलं. पिपेटापाशी तिचा हात थांबला. तिने ताट माझ्यापुढे केलं.

"तूच लाव," ती म्हणाली. "माझं बोट नको त्याला."

गॅलरीतला तो फोन आणि थांबलेलं मशीन मला तेव्हा कळलं. तेलाची वाटी कळली, ओट्यावर ठेवलेला डबा कळला. इतके महिने ही बाई माझ्याच घरात मला हात न लावता वावरत होती.

"आई, अगं, तसं नाही," असं काहीतरी मी बडबडले. मी तिचं बोट धरून कुंकवात टेकवायला गेले, तर तिने हात झटकन पदरात ओढून घेतला.